दोनशे बारा अर्थ

“...आणि निवडणुकीला? तिथे काय लिहिलंस?”

गुरुजींनी विचारलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते. बंधाऱ्याच्या तोंडाशी लाकडी फळ्या बसवलेल्या होत्या. त्यांच्या फटींत अडकलेला पाला ते बोटांनी उपसत होते.

“उभं राहणे,” हेमकांत म्हणाला.

“म्हणजे तिकडे जो धावतो...”

“तो आपल्याकडे उभा राहतो, गुरुजी! शब्द एकच. रन.”

हेमकांत हसला. हे त्याचं लाडकं उदाहरण होतं. पुण्यात कोशमंडळाच्या बैठकीत त्याने ते सांगितलं होतं, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

गुरुजी हसले नाहीत. मुठीतला पाला त्यांनी काठावर टाकला आणि पुन्हा हात पाण्यात घातला.

हेमकांत खैरनार इंग्रजी-मराठी कोशाचा संपादक होता. नऊ वर्षं तो या कामावर होता आणि त्यातले पाच महिने त्याने ‘रन’ या एका क्रियापदावर घालवले होते. याच गावच्या शाळेत, पाचवीत, गुरुजींनी फळ्यावर तो शब्द पहिल्यांदा लिहिला होता. पुढे लिहिलं होतं, धावणे. तेवढाच अर्थ.

आता हेमकांतकडे दोनशे बारा होते.

सोमवारी पानं छापखान्यात जायची होती. त्याआधी गुरुजींनी कोशासाठी चार ओळी लिहून द्याव्यात, म्हणून तो भल्या सकाळी गाडी घेऊन आला होता. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे त्याला दोनशे बारा हा आकडा ऐकताना गुरुजींचा चेहरा बघायचा होता.

गुरुजी घरी सापडले नाहीत. सापडले इथे, बंधाऱ्यावर.

तुळशीराम भामरे गुरुजींनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर गावी परतून त्यांनी पंचांकडे पाटकऱ्याचं काम मागून घेतलं. पाटकरी म्हणजे नदीचं पाणी पाटातून शेतोशेती पोचवणारा माणूस. हातात फावडं, अंगावर चिखल. गावाला नवल वाटलं होतं. मास्तर माणूस, पेन्शन येते, आणि या वयात हे?

“अजून सांग,” गुरुजी म्हणाले.

“नाक रन होतं, तेव्हा वाहतं. रंग रन होतो, तेव्हा फुटतो. दुकान चालतं, नाटक चालतं, मशीन चालतं. विणलेल्या कापडाचा धागा रन झाला तर उसवतो. साखर संपते. जुना मित्र बाजारात अचानक भेटतो. रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो. तो तर जागचा हलतही नाही, गुरुजी, तरी त्यालासुद्धा रनच!”

“हं.”

“एवढासा शब्द. तीन अक्षरांचा. आणि आपल्याला त्याच्यासाठी दोनशे बारा ठिकाणी शोधाशोध करावी लागते.”

त्याने आकडा सांगितला आणि तो थांबला.

गुरुजींनी वर पाहिलं. पण हेमकांतकडे नाही, सूर्याकडे.

“चपला काढ,” ते म्हणाले.

“का?”

“पाणी सोडायचंय.”

त्यांनी एकेक फळी वर ओढली. पहिली निघाली तेव्हा काही झालं नाही. दुसरी निघाली तेव्हा पाटाच्या तोंडाशी ओल दिसली. तिसरीला पाणी घुसलं.

“पिशवी तिथे झाडाला अडकव. कोणी नेत नाही.”

“कुठे जायचंय, गुरुजी?”

“पाण्याबरोबर.”

“किती लांब?”

“शेवटच्या वस्तीपर्यंत. चार मैल.” गुरुजींनी फावडं खांद्यावर घेतलं. “आपली पाळी सूर्य बुडेपर्यंत. मग पलीकडच्या गावचा पाटकरी येऊन फळ्या टाकतो, पाणी त्यांच्याकडे वळतं. नंतर बारा दिवसांनी आपण.”

“चार मैलांना दिवस कशाला लागतो? तासाभरात...”

“तुला तास लागेल,” गुरुजी म्हणाले. “पाट बारा दिवस उन्हात कोरडा पडलाय.”

*

हेमकांत पाटात उतरला. अनवाणी. गुरुजी काठावरून चालत होते.

त्याने आयुष्यात पुष्कळ पाणी पाहिलं होतं. नदीचं, नळाचं, धबधब्याचं. पण पाण्याचं टोक त्याने कधी पाहिलं नव्हतं.

ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. तपकिरी फेसाची एक कड पुढे सरकत होती. तिच्यावर काड्या होत्या, वाळकी पानं होती, बाभळीची फुलं होती. पाणी कुठेतरी त्या सगळ्याच्या खाली होतं. कड एका खळग्यापाशी यायची, थांबायची, खळगा भरायचा, मग एक बोट पुढे निघायचं, उजवीकडे चाचपायचं, डावीकडे चाचपायचं आणि वाट सापडली की बाकीचं पाणी त्याच्यामागे यायचं.

कोरड्या मातीला पाणी लागताना बारीक चरचर ऐकू येत होती.

“हा अर्थ सहावा,” हेमकांत म्हणाला. “वाहणे.”

“हं.”

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, “आणि पाट इथून तिथवर गेलाय, तो एकेचाळिसावा.”

“हं. त्या दगडाखाली हात घालू नकोस.”

दगडाखालून विंचू निघाला. नांगी वर करून तो काठ चढला. त्याच्यामागे मुंग्या निघाल्या. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. हजारोंनी होत्या. मग नाकतोडे, मग काळे किडे, मग दोन उंदीर. एक लांब साप हेमकांतच्या पायावरून गेला आणि गवतात शिरला, तो गेल्यावरच हेमकांतला कळलं की साप होता.

तो जागीच थिजला.

“चल,” गुरुजी म्हणाले. “त्याला तुझ्याशी काम नव्हतं.”

वरून बगळे आले. कुठून आले ते कळलं नाही. साळुंक्या आल्या, कोतवाल आले. पाण्याच्या टोकाशी जे जे जमिनीतून बाहेर पडत होतं ते टिपायला आकाश खाली उतरलं होतं. हेमकांत त्या गर्दीच्या मधोमध चालत होता. बगळे त्याला भीत नव्हते. जणू तोही पाण्याबरोबरच आला होता.

“पळणे,” तो पुटपुटला. “हे सगळे पळतायत तो अर्थ दुसरा...”

या वेळी गुरुजींनी ‘हं’सुद्धा म्हटलं नाही.

दुपारी त्यांनी कमरेच्या फडक्यातून भाकरी काढली, अर्धी मोडून ठेच्यासकट हेमकांतच्या हातावर ठेवली. दोघांनी चालता चालताच खाल्ली. पाणी जेवायला थांबत नव्हतं.

तोवर हेमकांतने आकडे म्हणायचं सोडून दिलं होतं. कधी सोडलं, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

*

तीन मैलांवर काळ्या मातीचा पट्टा लागला.

तिथे पाटाचा तळ भेगाळलेला होता. भेगा हाताएवढ्या रुंद. खोली दिसत नव्हती.

पाणी पहिल्या भेगेपाशी आलं आणि थांबलं.

हेमकांत वाट बघत उभा राहिला. फेसाची कड हलेना. काड्या जागच्या जागी गोल फिरायला लागल्या. मग त्याही थांबल्या.

पाव तास गेला. अर्धा तास गेला.

“मागे कुठे पाट फुटला नाही ना, बघून येतो,” गुरुजी म्हणाले. “तू इथंच थांब. पाण्याला एकटं सोडू नकोस.”

ते काठाने मागे गेले.

बाभळीच्या सावलीत एक शेतकरी बसला होता. दौलत अहिरे. त्याच्या हरभऱ्याचं शेत पाटाला लागून होतं. रोपं गुडघ्याच्या खालीच राहिली होती, पानं मलूल.

“तुम्ही पुण्याचे पाहुणे का?”

“गुरुजींचा विद्यार्थी. पूर्वीचा.”

“मग सांगा की त्यांना.” दौलतने पाटाकडे हात केला. “मागच्या पाळीला हेच झालं. त्याच्या आधीच्या पाळीलाही हेच. इथवर पाणी येतं आणि जमीन पिऊन टाकते. दिवस बुडतो. तिकडे वस्तीला थेंब नाही आणि आम्हालाही नाही.”

“मग तुमच्याकडे का वळवत नाहीत?”

“पंचांच्या वहीत लिहिलंय म्हणे. पहिलं पाणी शेवटच्या शेताला, मग तिथून मागे मागे यायचं. लिहिलेलं पुष्कळ असतं, साहेब. बारा वर्षांत कोणी तसं केलं नाही. वस्ती भिल्लांची. तिथून कोण भांडायला येतंय?”

हेमकांतने पाटाच्या पुढच्या कोरड्या वळणाकडे पाहिलं.

दौलतने आवाज खाली घेतला. “तुम्हाला माहीत नाही वाटतं... त्यांची लेक आहे तिकडे.”

“प्रमिला?”

“तीच. मास्तरीण होणार होती. वस्तीवरच्या जगनबरोबर पळून गेली. बारा वर्षं झाली. गुरुजींना तो अपमान सोसला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आले नाहीत. बदली मागून घेतली, थेट तिकडे सोलापूरकडे. त्यांच्या घरच्या बाई तर त्याच दुःखात गेल्या. आता परत आलेत, पण लेकीचं तोंड पाहिलं नाही अजून.”

“जात नाहीत तिच्याकडे?”

“एकदा विचारलं मी. म्हणाले, रिकाम्या हाताने कसा जाऊ?”

दौलतने गवताची काडी मोडली. “तीन पाळ्या झाल्या. इथवर येतात. उभे राहतात. सूर्य बुडाला की मागे फिरतात.”

*

गुरुजी परत आले. पाट कुठे फुटला नव्हता.

पाणी अजून तिथंच होतं.

“गुरुजी,” दौलत उठून उभा राहिला. “दोन तास राहिले दिवसाचे. हरभरा बघा माझा. आज इकडे वळवा. तिकडे पोचणार नाही, तुम्हालाही माहीत आहे.”

“वस्तीवर पोचलं की मागे पाटात उरेल ते सगळं तुझं. माझा शब्द.”

“आणि नाही पोचलं तर?”

गुरुजींनी मावळतीकडे पाहिलं.

हेमकांतला वाटलं, आपण बोलायला हवं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण हिशेब सरळ होता. तो म्हणाला, “गुरुजी, दौलतराव म्हणतात ते खरंय. इथे निदान एकाचं शेत वाचेल. पाणी थांबलंय.”

“थांबलंय?”

“तासभर मी बघतोय. जागचं हललेलं नाही.”

गुरुजी पाटात उतरले. हेमकांतपाशी आले. त्यांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाची पकड इतकी घट्ट असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“खाली बस.”

तो चिखलात गुडघे टेकून बसला.

“त्या भेगेत हात घाल.”

“साप असला तर?”

“तो मघाशी तुझ्या पायावरून गेला.”

हेमकांतने हात घातला. बोटं, मनगट, कोपर. भेगेचा तळ लागेना. खांदा मातीला टेकला, गाल मातीला टेकला. तेव्हा कुठे बोटांना ओल लागली.

मग ओल नाही. पाणी.

ते त्याच्या बोटांतून ओढ घेत चाललं होतं. थंडगार, जोरात. खाली, आणखी खाली, आणि आडवं, काळ्या मातीच्या पोटातून पुढे. एखाद्याने आपला हात धरून न्यावं तसं ते त्याची बोटं ओढत होतं.

आणि आवाज होता. गाल जमिनीला लागलेला असल्यामुळे त्याला तो स्पष्ट ऐकू आला. खूप दिवसांचं तहानलेलं जनावर हौदाला तोंड लावून पितं, तसा. एका ठिकाणाहून नाही. सगळीकडून. त्याच्या गालाखालून, छातीखालून, दौलतच्या शेताखालून. ती सबंध जमीन पीत होती.

वर पाण्याची कड निश्चल होती. तिच्यावर एक वाळकं पान होतं. तेही हलत नव्हतं.

हेमकांतने डोळे मिटले.

तो तसाच पडून राहिला. किती वेळ, त्याला सांगता आलं नसतं. शर्ट चिखलाने भरला, चष्म्याची एक काच भरली. त्याच्या डोक्यात एकही शब्द नव्हता. नऊ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. त्याला भीती वाटायला हवी होती... वाटली नाही.

त्याने डोळे उघडले तेव्हा दौलत पाटात उतरलेला होता.

दौलत कोणाशी बोलला नाही. गुरुजींकडे त्याने पाहिलंही नाही. तो भेगांच्या तोंडाशी मऊ झालेली माती पायाने तुडवायला लागला. माती भेगेत ढकलायची, तुडवायची, पुढच्या भेगेकडे जायचं.

हेमकांत उठला आणि त्याच्या शेजारी तुडवू लागला. त्याला जमत नव्हतं. पाय घसरत होते.

“टाच आधी टाका,” दौलत म्हणाला.

त्याने टाच आधी टाकली.

गुरुजी वरून फावड्याने माती ओढून देत होते. तिघंही घामाघूम झाले. सूर्य बाभळीच्या शेंड्यावरून खाली आला, मग खोडाच्या मागे गेला.

तेव्हा दौलत थांबला. “ऐका,” तो म्हणाला.

जमिनीतला आवाज कमी झाला होता. मग थांबला.

वाळकं पान थरथरलं.

ते एक वीतभर पुढे गेलं. मग हातभर. आणि मग पाण्याने पान उचललं आणि ते तुडवलेल्या भेगांवरून, दोघांच्या पायांमधून पुढे निघालं.

“जा,” दौलत म्हणाला. “जा तुम्ही गुरुजी. मी इथं बघतो.”

*

शेवटचा मैल हेमकांत पाण्याच्या टोकाबरोबर चालला. पुढे गेला नाही, मागे राहिला नाही. कुठे काटकी आडवी आली तर वाकून काढायचा. कुठे ढेकूळ असलं तर पायाने फोडायचा. कोणी सांगितलं नव्हतं.

गुरुजी काठावरून येत होते. त्यांची चाल मंदावली होती. दोनदा ते फावड्यावर टेकून उभे राहिले. हेमकांतने मागे वळून पाहिलं की ते हाताने खूण करायचे. चल, चल.

ऊन तांबूस झालं. बगळे उडून गेले. पाणी आता अगदी बारीक झालं होतं, दोन ओंजळींएवढं रुंद. पण चालत होतं.

वस्ती दिसली. आठ-दहा घरं, कुडाच्या भिंती. पाट जिथे संपत होता तिथे कांद्याच्या रोपांचे वाफे होते. रोपं पिवळी पडली होती. वाफ्यांच्या कडेला काही माणसं उभी होती. कोणी बोलत नव्हतं.

सगळ्यांच्या पुढे एक बाई होती. पदर खोचलेला, हातात फावडं. पस्तिशीची असेल. तिच्या नाकाची ठेवण पाहिली आणि कोणी सांगण्याआधी हेमकांतला कळलं.

सूर्याची कड डोंगराला टेकली. चार मैल मागे, बंधाऱ्यावर, आता दुसरा पाटकरी फळ्या टाकत असेल.

पाणी वळणावर आलं. एका दगडापाशी अडलं. हेमकांत वाकणार तोच ते दगडाला वळसा घालून पलीकडे गेलं.

मग बाईच्या पायाशी पोचलं.

ती हलली नाही. पाणी तिच्या अंगठ्यांना लागलं, बोटांमधून गेलं, टाचांमागे भरलं. ती खाली बघत राहिली. तिच्या घोट्याशी एक काडी येऊन अडकली आणि ती काडी सोडवायलाही ती वाकली नाही.

वस्तीतली एक म्हातारी पुढे आली, तिने ओंजळ भरून घेतली आणि कपाळाला लावली.

“आलं,” ती म्हणाली. फक्त एवढंच. मागे उभी असलेली माणसं एकदम बोलायला लागली, कोणी हसलं, कोणी घराकडे धावत गेलं.

तेव्हा प्रमिलाने फावडं उचललं आणि पहिल्या वाफ्याचं तोंड उघडलं.

पाणी आत शिरलं. कोरड्या वाफ्यात ते पसरलं, एकेका रोपाच्या बुडाशी थांबलं, पुढे गेलं. हेमकांत उकिडवा बसून बघत होता. रोपं काही लगेच उभी राहिली नाहीत. पण वाफ्याचा रंग बदलला. पांढुरकी माती काळी झाली, आणि त्या काळ्यात मावळतीचं आभाळ उतरलं, तांबडं, सबंधच्या सबंध, एका कांद्याच्या वाफ्यात.

आपल्याला रडू का येतंय, ते त्याला कळेना.

गुरुजी दहा पावलांवर थांबले होते. त्यापुढे ते येत नव्हते. फावडं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

प्रमिलाने दुसऱ्या वाफ्याचं तोंड उघडलं. तिसऱ्याचं उघडलं. मग फावडं मातीत रोवून ती सरळ झाली आणि पाटाच्या काठाकडे तिने पहिल्यांदा पाहिलं.

दोघांच्या मधून पाणी जात होतं.

“आबा,” ती म्हणाली. “पाय धुवून घ्या. चहा ठेवते.”

आणि ती घराकडे गेली. झपाझप नाही, हळू. दारापाशी पोचल्यावर तिने पदराने डोळे पुसले, ते पाठमोरीच.

गुरुजी काठावरून खाली उतरायला लागले. काठ निसरडा होता, म्हणून हेमकांतने हात पुढे केला. त्यांनी तो धरला. दोघंही पाण्यात उभे राहिले. पाणी घोट्याएवढंही नव्हतं.

“गुरुजी...” हेमकांत म्हणाला. “दौलतरावांनी मला सांगितलं. या त्याच ना, ज्या बारा वर्षांपूर्वी पळून...”

पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघेना.

गुरुजी वाकले. त्यांनी सावकाश एक पाय धुतला. मग दुसरा.

“भर बाजाराच्या दिवशी, दुपारी, सगळ्या गावासमोरून ती चालत गेली, हेमकांत,” ते म्हणाले. “पळालो तो मी.”